रंग न देण्याचं काम

सकाळी पावणेसात

जुन्या सायकलीचा रंग पाहायचा तर दुकानाचं शटर वर जाण्याआधी पाहावा. मार्च संपत आला की नगरात आठपासूनच ऊन अंगावर येतं, आणि त्या उन्हात काळा रंग नुसता चकाकतो, काही सांगत नाही. आत्ता ऊन तिरपं आहे. मी रॅले बाहेर ओट्यावर आणली, उगवतीकडे कड करून उभी केली आणि उकिडवा बसून एकेका नळीवरून नजर फिरवली. या उजेडात पोचा लपत नाही, मागाहून ब्रशनं फासलेला रंग लपत नाही. ज्या सोनेरी रेघा एरवी पार गेल्याशा वाटतात, त्यांची केसभर उंचीसुद्धा दिसते.

ही सायकल सावेडीहून आली आहे. कुटुंब मूळचं श्रीरामपूरकडचं. आजोबा साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. पाटाच्या कडेनं फिरत उसाच्या नोंदी घ्यायची त्यांची नोकरी. पुढच्या नळीवर बगळ्याचं चिन्ह आणि नॉटिंगहॅमचं नाव. मागच्या चाकात तीन गिअरचं स्टर्मी-आर्चरचं हब. त्यावरचा मळ काल रॉकेलनं काढला तेव्हा ‘एडब्ल्यू’ ही अक्षरं आणि शेजारी ‘५१’ आणि ‘९’ हे आकडे उमटून आले. म्हणजे हब १९५१ च्या सप्टेंबरातलं. चाक मूळचंच असेल, आणि इथे तसं दिसतंय, तर सायकलही त्याच सुमाराची. पन्नाशीच्या दशकात आसनसोल, मद्रास, सोनिपत, लुधियाना इथे देशी कारखाने उभे राहिले आणि विलायती सायकलींची आवक आटत गेली. ही त्या शेवटच्या लाटेतली.

सायकल कुठे म्हातारी झाली हे मालकानं सांगायच्या आधी बहुतेक वेळा तिच्या अंगावरून कळतं. आमचा जिल्हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रात सगळ्यात मोठा आणि त्याच्या दोन टोकांचं हवामान एकमेकांना ओळखत नाही. पश्चिमेला अकोले तालुक्यात, घाटघर-रतनवाडीच्या बाजूला, पाऊस कोकणासारखा कोसळतो. तिकडची सायकल आतून जाते. सीटच्या नळीतून पाणी खाली उतरतं, बीबीच्या, म्हणजे क्रँकच्या आसाच्या, डब्यात साचतं, आणि वरचा रंग धड असताना तळाचा जोड पोखरला जातो. पूर्वेला पाथर्डी-जामखेडची सायकल बाहेरून जाते. रबर तडकतं, सीटचं चामडं कडेनं चिरतं, काळ्या रंगाचा करडा होतो, पण पोलाद शाबूत राहतं. लोखंड जोमानं गंजायला हवेत साधारण साठ टक्क्यांच्या वर दमटपणा लागतो. आमच्याकडे उन्हाळ्यातल्या दुपारी तो त्याच्या निम्म्यावरही नसतो. नगरच्या कोरड्या हवेला लोक नावं ठेवतात, पण जुन्या सायकली टिकल्या आहेत त्या तिच्यामुळेच.

तिसरी तऱ्हा पाटपाण्याच्या पट्ट्याची. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला, आणि १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी लोणीला आशियातला पहिला मानला जाणारा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उसाबरोबर सायकली आल्या: ओव्हरसिअरच्या, स्लिपबॉयच्या, मुकादमाच्या. या सायकलींना ओली काळी माती लागायची आणि कॅरिअरवर खताची गोणी असायची. खत हवेतली ओल ओढून घेतं. गोणी जिथे टेकते तिथे मडगार्डाला आरपार भोकं पडतात आणि बाकीचं मडगार्ड ठणठणीत असतं. आजोबांच्या रॅलेचं मागचं मडगार्ड कॅरिअरखाली नेमकं असंच चाळलं गेलंय.

सकाळी आठ

हवा, पंक्चर, ब्रेक. शाळेची पोरं, बांधकामावर निघालेली माणसं, पेपर टाकून परतलेली मुलं. एका मुलाची ॲटलस आहे, त्याच्या वडिलांची. सोनिपतची ही कंपनी १९५१ मधली. तिचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला.

“मामा, ब्रेक लागंना झालाय.”

रबरं पार दगड झाली होती. चारही बदलली, सळ्यांचे नट आवळले, पुढच्या चाकाचा आऊट काढला. या सायकलीचं जुनेपण जपायचा विचारही मी करत नाही. तिला उद्या पहाटे माळीवाड्याच्या स्टँडवर गठ्ठे उचलायला पोचायचंय. चालणाऱ्या सायकलीला सुटे भाग नवे लागतात. ज्याचं पोट तिच्यावर आहे, त्याला तिच्या गंजाचं कौतुक सांगणं मला बरं वाटत नाही.

सकाळी साडेनऊ

रॅले उलगडायला घेतली. आधी चेन. नव्या चेनीत बारा जोडकड्या बरोबर बारा इंच भरतात. इथे पट्टी लावली तर शेवटची पिन बाराच्या खुणेपुढे सोळावा हिस्सा ओलांडून गेलेली. लोक म्हणतात चेन ताणली. खरं तर पोलाद ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीचं बुश केसाच्या अंशानं झिजतं आणि शंभरावर कड्यांची ती झीज एकत्र येऊन अंगठ्याएवढी होते. सोळावा हिस्सा गेला की चेन बदलावी. अष्टमांश जाऊ दिला तर ती दातेही खाऊन टाकते. मागचं स्प्रॉकेट अठरा दात्यांचं, त्यामुळे त्याचा एकेक दाता पुढच्या चेनव्हीलच्या दात्यापेक्षा कितीतरी जास्त फेऱ्या सोसतो. त्याचे दाते एका अंगाला आकड्यासारखे वळले आहेत. चेनव्हील मात्र वाचलंय. त्याच्या पोटात तीन बगळ्यांची नक्षी आहे, आणि ते पुन्हा मिळण्यातलं नाही. म्हणून चेन नवी, स्प्रॉकेट नवं, बगळे जुने.

मग क्रँक आसाला आवळून धरणाऱ्या कॉटर पिना. जुन्या सायकलींचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि ते वापरणाऱ्याकडून नाही, आम्हा मिस्त्र्यांकडून होतं. क्रँकखाली लोखंडी नळीचा टेकू न देता पिनेवर हातोडा मारला की धक्का आसातून छर्‍यांत आणि छर्‍यांतून वाटीत उतरतो. वाटीच्या गुळगुळीत वाटेवर छर्‍यांचे ठसे उमटतात, आणि पुढे कितीही ग्रीस घाला, पायडल फिरवताना बारीक खडखड राहतेच. टेकू देऊन, रात्रभर मुरवलेल्या तेलावर एकच नेमका घाव घालावा. दोन्ही पिना सुटल्या.

बीबी उघडली तेव्हा आत काळं, घट्ट झालेलं ग्रीस आणि त्यात पाटाची माती. ते धुऊन वाट्या उजेडात धरल्या. छर्‍यांची वाट आरशासारखी घासलेली, पण खड्डा नाही. हा मोठा दिलासा. इंग्लंडातल्या इतर सायकलींत या वाटीला इंचाला २४ आटे असत. रॅलेनं स्वतःचे २६ ठेवले. बाजारातली वाटी या डब्यात बसत नाही, आणि जबरदस्तीनं बसवली तर फ्रेमचेच आटे जातात. म्हणून वाटी जपायची आणि छर्रे बिनदिक्कत बदलायचे: पाव इंची, प्रत्येक बाजूला अकरा. छर्‍यांच्या बाबतीत काटकसर करू नये. एक छर्रा फुटला की तो वाटी घेऊनच जातो.

पायडलं काढताना थांबलो. डाव्या पायडलचं रबर उजव्यापेक्षा कितीतरी जास्त झिजलेलं आणि त्याची आस किंचित खाली वाकलेली. हे मी जवळजवळ प्रत्येक जुन्या सायकलीत पाहतो. आपल्याकडची जुनी माणसं उभ्या सायकलवर बसत नसत. डावा पाय पायडलवर ठेवायचा, उजव्या पायानं लंगडी घालत दोन-चार ढांगा टाकायच्या, वेग आला की पाय मागून टाकून वर जायचं. उतरतानाही तेच उलट्या क्रमानं. माणसाचं सगळं वजन रोज कितीदा तरी त्या एका पायडलवर लोंबकळायचं. डावं पायडल झिजलेलं दिसलं की समजावं, हा माणूस वाटेत वरचेवर उतरणारा होता. उसाच्या प्रत्येक फडाशी थांबणाऱ्याचं पायडल आहे हे.

वाकलेली आस सरळ करता येईल. पण थंड पोलाद पुन्हा वाकवलं की तिथे ते कमजोर होतं. पायडल मोकळं फिरतंय, तळव्याला तिरपेपणा जाणवत नाही, म्हणून तसंच ठेवतो. रबर मात्र उलटवून लावलं, न झिजलेली बाजू वर.

सकाळी सव्वाअकरा

नातू आला, बरोबर आजी. नातू पुण्यात नोकरीला आहे, सुट्टीला आलाय.

“काका, नागापूरच्या एमआयडीसीत एकाशी बोललोय मी. पावडर कोटिंग दोन दिवसांत करून देतो म्हणाला. एकदम चकाचक. रंग काळाच ठेवू की मरून करू?”

मी त्याला खाली बसायला सांगितलं. मऊ कापडावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब घेतले आणि खालच्या तिरप्या नळीवर, दाब न देता, गोल गोल फिरवलं. करडेपणा निघाला, खालून काळा रंग वर आला आणि त्या काळ्यात पिवळी रेघ. अंगठ्याएवढ्या तुकड्यात एवढं निघालेलं पाहून तो पुढे झुकला.

“बघ, ही रेघ इथे जाड आहे, इथे बारीक. हातानं ब्रश धरून ओढलेली आहे. पावडर कोटिंगच्या आधी वाळूचा मारा करतात. त्यात ही रेघ जाईल, बगळ्याचं स्टिकर जाईल, सीटखालच्या जोडावरचा नंबर बुजेल. मग भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास तापवून प्लास्टिकचा जाड थर चढवणार. जोडांच्या या कोरीव कडा आहेत ना, त्या त्या थराखाली गोलमटोल होतील. रंग कधीही देता येतो, बाळा. हा परत आणता येत नाही.”

“पण काका, वरच्या नळीवर तर रंगच नाहीये.”

खरंच नव्हता. वरच्या आडव्या नळीवर वीतभर पट्टा उघड्या पोलादाचा, तपकिरी, गुळगुळीत. मी तो सकाळीच पाहून ठेवला होता. लोखंडी पट्टी आवळलेली असती तर कडा धारदार आणि ओरखडे उभे असते. इथे रंगाची कड विरत गेलेली. म्हणजे कापड. काहीतरी कापडी तिथे कित्येक वर्षं बांधलेलं होतं. आजींना विचारलं.

“उशी बांधायचे तिथं,” त्या म्हणाल्या. “आमची थोरली पुढं बसायची. तिला शाळेत सोडायचं न् तसंच पाटावर जायचं. पाऊस असला की उशी काढून पिशवीत. एकदा विसरले तर ओल्या उशीवर बसली म्हणून दिवसभर रुसली होती.” मग नातवाकडे वळून, “तुझी आत्या रे.”

नातवानं मरून रंगाचं नाव पुन्हा काढलं नाही. आजींनी मात्र जाताना हात नळीवरून फिरवला, बोटं पाहिली आणि मला बजावलं, “हाताला लागतं तेवढं काढा हां. कपड्यांना गंज लागला की निघत नाही.”

त्यांचं म्हणणं पक्क्या कारागिराचं होतं. नातवाला म्हटलं, पुण्यात आहेस तर कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, एक दुपार काढून जा. जुनी सायकल किती तऱ्हेनं सांभाळता येते हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मग तुझं तू ठरव. इंग्लंडात १९५५ पासून व्हेटरन-सायकल क्लब आहे. तिथली जाणकार मंडळी अशाच हबवरच्या आणि फ्रेमवरच्या आकड्यांवरून सायकलीचं वय काढतात. एकदा आकडा बुजला की त्यांचाही इलाज चालत नाही.

दुपारी साडेबारा

आता आजींनी सांगितलेलं काम.

पांढरं कापड घ्यायचं आणि गंजावरून फिरवायचं. कापडावर नारिंगी भुकटी आली तर तो गंज जिवंत आहे, अजून खातोय. कापड स्वच्छ राहिलं किंवा नुसता तपकिरी तेलकटपणा आला तर तो थांबलेला आहे. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि सच्छिद्र असतो. म्हणून तो फुगतो, रंग उचलतो, खाली पुन्हा ओल शिरते. पितळेवर चढणारा काळसरपणा तसा नाही. तो घट्ट बसतो आणि खालच्या धातूला एका अर्थी पांघरूण घालतो. म्हणून पितळी चिन्ह मी चिंचेनं घासत नाही. देवाची भांडी घासावीत, बगळ्याला घासू नये. घासून घासून त्याची पिसं सपाट झालेली मी पाहिली आहेत.

उशीच्या जागेवरचा पट्टा कापडाला काही देत नव्हता. त्याला जवसाच्या उकळलेल्या तेलाचा, सुतार डबल बॉईल म्हणतात त्याचा, अगदी पातळ हात दिला. हे तेल नुसतं सुकत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन त्याची साय धरते आणि पोलाद झाकलं जातं. पट्टा दिसतो तसाच दिसत राहतो, हाताला लागत नाही. तेलाचे बोळे लगेच पाण्याच्या बादलीत टाकले. जवसाच्या तेलाच्या चिंध्या ढिगानं ठेवल्या तर आपोआप तापून पेटतात, आणि आमच्या बोळात सगळी जुनी लाकडी घरं.

हँडलवर क्रोम आहे. क्रोम आलं साधारण १९३० च्या आसपास. त्याआधीच्या सायकलींवर निकेल असे. मला विचाराल तर निकेल जास्त चांगलं म्हातारं होतं. ते सगळीकडून हळूहळू पिवळसर, मवाळ होत जातं. क्रोम म्हातारं होतच नाही, ते फक्त भोसकलं जातं. त्याचा थर अतिशय पातळ असतो, त्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून ओल आत जाते आणि लखलखीत पृष्ठभागावर गंजाचे ठिपके फुटतात. ते काढायला ॲल्युमिनियमची फॉईल साध्या पाण्यात बुडवून घासतो. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही आणि ठिपका निघतो. खालची खळगी उरते. ती उरू द्यावी, तिच्यात बोटभर मेण घालून पुसावं.

मडगार्डाच्या काड्या, नट, कॅरिअरच्या सळ्या यांच्यावर रंग उरलेला नव्हता आणि गंज जिवंत होता. त्यांना ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ पाण्यात सोडलं. केमिकलच्या दुकानात ते पांढऱ्या खड्यांच्या रूपात मिळतं. विषारी आहे, हातमोज्यांशिवाय शिवत नाही आणि डबा उंच फळीवर ठेवतो. ते गंज सोडवतं आणि पोलादाला फार त्रास देत नाही, पण जास्त वेळ विसरलं तर पिवळी साय चढवतं. बाहेर काढून खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, कोरडं करायचं, तेल.

बगळ्याच्या स्टिकरजवळ काहीही नेलं नाही. पेट्रोल आणि थिनरनं ही जुनी स्टिकरं डोळ्यांदेखत विरघळतात. ओल्या कापडाचा साधा हात, एवढंच.

दुपारी दोन

अर्धं शटर, पिठलं-भाकरी, पंखा. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मागच्या हबच्या तेलाच्या टोपीतून सकाळी पातळ तेल सोडलं होतं, ते आतून काळं होऊन आसाशी झिरपतंय. आतलं जुनं तेल वाळून त्याचं वार्निश झालं होतं. ते सुटेपर्यंत हब उघडायचं नाही. बरेचदा उघडायची वेळच येत नाही.

दुपारी साडेतीन

सीट. ब्रुक्सची, बर्मिंगहॅमची, एका जाड चामड्याची. ती गादीसारखी भरलेली नसते. चामडं पुढच्या चोचीपासून मागच्या पट्टीपर्यंत ताणून तांब्याच्या रिव्हेटांनी ठोकलेलं असतं आणि माणूस त्या ताणावर बसतो. म्हणून ती बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे घडत जाते. या सीटवर मागे दोन खोलगट जागा आहेत आणि डावी उजवीपेक्षा खोल. आजोबा एका अंगानं झुकून बसत असणार. मुलगी पुढे नळीवर, तिच्या डोक्यावरून वाट पाहायची म्हटल्यावर माणूस झुकतोच.

चामडं कोरडं, पण मेलेलं नाही. ओल्या फडक्यानं धूळ काढली, सावलीत वाळू दिलं, मग आतल्या बाजूनं एरंडेलाचं बोट फिरवलं. कोल्हापुरी चपलेला देतात तसंच, पण त्याहून कमी. आतली बाजू मऊ आणि मोकळ्या धाग्यांची, तेल तिथून पितं. वरून ओतलं तर पृष्ठभाग चिकट होतो आणि सगळी सीट सैल पडते. दुपारची गरमी या कामाला चांगली. तेल चामड्यात सरकतं.

चोचीखालचा ताण द्यायचा बोल्ट मी हातही लावू देत नाही कुणाला. कोरड्या चामड्याला ताण दिला की ते रिव्हेटांशी फाटतं. मागच्या एका रिव्हेटाशी चीर होतीच. ती घेऊन कापड बाजाराच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या चांभारदादांकडे गेलो. त्यांनी चीर दोन बोटांत धरून उघडून पाहिली.

“टाका नाही घालायचा याला. टाक्याच्या भोकातूनच पुढं जाईल. आतून पातळ पट्टी चिकटवतो, कडा तासून. वरनं कळायचं नाही.”

“रंग?”

“रंग कशाला? बसून बसून आलाय तो रंग. माझ्याकडच्या कुठल्या डबीत आहे तो?”

सीटचा रंग आत कडेला अजून मधासारखा आहे आणि वर, जिथे धोतर-पायजमा घासला, तिथे जवळजवळ काळा. मी पट्टी चिकटेपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिलो.

संध्याकाळी साडेपाच

बाजारात स्पोक, छर्रे, अठ्ठावीस-दीडचे टायर. पूर्वीसारखे प्रत्येक दुकानात मिळत नाहीत, पण मिळतात.

परतताना भंगाराच्या गाड्यावर दोन सायकली आडव्या पडलेल्या. असल्या सायकलीचं वजन वीस किलोच्या आसपास भरतं आणि भंगारवाला किलोवरच बोलतो. एकीचं चेन कव्हर शाबूत होतं, ते मागून घेतलं. भंगारात जाणाऱ्या सायकलीबद्दल मला वाईट वाटतं, पण त्याहून जास्त त्रास दुसऱ्या गोष्टीचा होतो. हायवेवरच्या हॉटेलांच्या भिंतींवर जुन्या सायकली टांगतात. भगव्या, पोपटी, गुलाबी ऑईलपेंटनं चेनसकट रंगवलेल्या, चाकं जाम, कॅरिअरवर प्लास्टिकची फुलं. भंगारातल्या सायकलीचा एखादा भाग कुणाच्या तरी उपयोगी येतो. त्या भिंतीवरच्या सायकलीला कुणी परत जमिनीवर आणत नाही.

आणि आता उलटंही सुरू झालंय. चांगल्या धडधाकट लोखंडावर मीठ-व्हिनेगर मारून गंज आणायचा, रंग घासून काढायचा आणि ‘अँटिक’ म्हणून विकायचं. घेणाऱ्यानं फसू नये म्हणून सांगतो. खोटं जुनेपण सगळीकडे सारखं असतं. खरं कधीच सारखं नसतं. खऱ्या सायकलीत उजव्या मुठीचा ब्रेक जास्त चकाकतो कारण तोच जास्त दाबला जातो. घंटीवर अंगठ्याची एकच जागा उजळते. हँडलच्या देठाशी जिथे पिशवी अडकवायची तिथे अर्धगोल रेघ पडते. डायनामो ज्या बाजूला, टायरची तीच कड गुळगुळीत. मातीला आत शिरायला जागा जिथे तिथेच गंज, आणि रोज जिथे हात पोचतो तिथे रंग नसला तरी गंजही नाही, कारण माणसाच्या हाताचं तेल त्याला लागत राहिलेलं असतं. ॲसिडला हे माहीत नसतं. ते कुठेही चढतं.

सहा ते पावणेआठ

जुळवाजुळव. बीबीत ग्रीस, छर्रे, वाट्या. आस फिरवून पाहिली, पाण्यासारखी. कॉटर पिना समोरासमोरच्या दिशेनं. चुकून एकाच दिशेनं घातल्या तर दोन्ही क्रँक सरळ रेषेत येत नाहीत. चाळलेल्या मडगार्डाला आतून पत्र्याची पातळ पट्टी दोन रिव्हेटांवर लावली. भोकं वरून दिसतात, चिखल मात्र आता वर उडणार नाही. गिअरची बारीक साखळी हबच्या आसातून ओढून नेमकी केली. ती एक आटा इकडेतिकडे झाली की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या मध्ये पायडल मोकळं फिरतं आणि उभं राहून पायडल मारणारा तोंडावर आपटतो.

मग चालवून पाहायला किल्ल्याच्या बाजूनं भिंगारच्या रस्त्याला निघालो. हवा उतरली होती. चढाला पहिला गिअर, साध्यापेक्षा पंचवीस टक्के हलका, हब गप्प. सपाटीला दुसरा, बारीक टिकटिक सुरू. किल्ल्याच्या खंदकाजवळ तिसरा टाकला, तो तेहतीस टक्के जड, आणि सायकल अशी पुढे झेपावली की एका मोटारसायकलवाल्यानं मागे वळून पाहिलं. पुढचा ब्रेक थोडा कुरकुरतो. सळीच्या सांध्यांत तेल हवं. सीट मला डावीकडे ओढते. माझ्या अंगाची ती नाही, आणि तिला माझ्यासाठी बदलायची गरजही नाही.

रात्री साडेआठ

वहीत नोंद करतो. नवीन: चेन, मागचं स्प्रॉकेट, बीबीचे बावीस छर्रे, कॉटर पिना, चार ब्रेक रबर, दोन टायर, दोन ट्यूब. दुरुस्त: सीट, मागचं मडगार्ड. तसंच ठेवलं: सगळा रंग, रेघा, बगळा, डाव्या पायडलची आस, वरच्या नळीवरचा पट्टा. नातवासाठी चिठ्ठी वेगळी: हबला महिन्याला तेलाचे थोडे थेंब, पावसात भिजली तर सीट काढून सायकल उलटी करून पाणी निथळू द्या, चारचाकीच्या वॉशिंग सेंटरला कधीही नेऊ नका.

उद्या राहुरीची हर्क्युलिस. तिच्या मागच्या रिमला ब्रेकच्या रबरांनी आणि काळ्या मातीनं आतून इतकं घासलंय की अंगठ्यानं दाबलं तर पत्रा लवतो. ती रिम ठेवायची नाही. त्या सायकलवर रोज दुधाचे कॅन चढतात आणि मागे माणूस बसतो. चाळीस तारांची नवी रिम मी साडेपाचला घेऊन आलोय, सकाळी दुधाची पाळी आटोपून तो आला की लगेच चाक बांधायला घेईन.